उजवा गाल राहू दे

४ फेब्रुवारी

इंजीनबाईंना मावशीचे आशीर्वाद,

फोन का केला नाही म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू "हं", "नाही", "बघते" एवढंच बोलतेस. पत्रात निदान पूर्ण वाक्यं लिहितेस. शिवाय लाँड्रीतला फोन काउंटरवर आहे आणि आमची काउंटरवाली माझं बोलणं माझ्याआधी ऐकते. मोबाईल माझ्या मुलाने, तुझ्या दादाने, घेऊन दिलाय, त्यात बोललेलं त्याला कळत असणार असं मला वाटतं. कळत नसेलही. पण वाटतं ना.

तर मुद्दा असा. तुझी आई सांगत होती की तुमच्या दवाखान्यात तू जे लेसरचं मशीन चालवतेस ते गालांवरच्या लाल शिरा घालवतं. वरची कातडी शाबूत राहते आणि आतली शीर मरते म्हणे. खरं का? खरं असेल तर मला करून घ्यायचंय.

माझे गाल तुला माहीत आहेत. लहानपणी तू मला लालमावशी म्हणायचीस आणि सगळे हसायचे, मीही. तीस वर्षं वाफेच्या प्रेससमोर उभी आहे. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. झाकण उचललं की वाफ थेट तोंडावर. आधी लाली संध्याकाळपर्यंत उतरायची. मग झोपेत उतरायची. आता मुक्कामालाच आलीय. जवळून पाहिलं तर शाळेतल्या नकाशावरच्या नद्या आठवतात, फक्त सगळ्या लाल.

का म्हणून विचारू नकोस. हौस आहे. एकसष्टाव्या वर्षी बाईला हौस असू नये असा नियम असेल तर तो मला लेखी पाठव.

तुझ्या आईला सांगू नकोस, ती आधी रडेल आणि मग सगळ्यांना सांगेल. दादाला तर मुळीच नको. एक दिवस माझे गाल स्वच्छ दिसतील, लोक म्हणतील हवा मानवली. एवढंच हवंय.

तुझ्या स्वतःच्या गालाबद्दल मी काही म्हणत नाही. कधी म्हटलेलं नाही. तुझं लासं तुझं आहे.

मावशी


११ फेब्रुवारी

मावशी,

पत्र मिळालं. मुद्द्याने उत्तर देते.

मशीनमधून पिवळ्या प्रकाशाचा अगदी छोटा ठोका निघतो. रक्तातला लाल रंग तो प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे शीर आतून तापते आणि बंद पडते. पुढच्या काही आठवड्यांत शरीर तिची विल्हेवाट लावतं. प्रत्येक ठोक्याआधी मशीनच थंड फवारा मारतं, म्हणून वरची कातडी वाचते. दुखतं. रबर ताणून गालावर सोडल्यासारखं, पुन्हा पुन्हा.

आईने तुला जे सांगितलं नसेल ते असं, की प्रत्येक ठोक्याच्या जागी गोल, जांभळा डाग उठतो. नाण्याएवढा. गालभर. ते दोन आठवड्यांपर्यंत राहतात. शक्ती कमी लावली तर डाग येत नाहीत, पण मग तुझ्यासारख्या जाड शिराही जात नाहीत. बरेच दवाखाने तसं करतात. गिऱ्हाईक खूश राहतं आणि पुन्हा पुन्हा येतं. मी करत नाही.

जुनी लाली आणि उष्णतेचं काम असेल तर आम्ही दोन्ही गाल एका वेळी करत नाही. आधी एक. त्याला कातडी कशी साथ देते ते पाहून सहा आठवड्यांनी दुसरा. तोवर न केलेला गाल हीच आमची मोजपट्टी. तू प्रेसवरचं काम सोडलं नाहीस तर काही वर्षांनी लाली थोडी परत येईल, हेही आत्ताच सांगते. तुला हे करायचं की नाही ते डॉक्टर तपासून ठरवतील. मी मशीन चालवते आणि त्याची देखभाल करते, एवढंच.

आता माझा प्रश्न. पलंगावर आडवं होण्याआधी मी तो प्रत्येकाला विचारते. कोणी पाठवलं?

डॉक्टरांना हा प्रश्न आवडत नाही, कारण त्याने आलेलं गिऱ्हाईक उठून जातं. मागे एक मुलगी आली होती, होणारी सासू शेजारी बसून. मी मुलीला विचारलं, उत्तर सासूने दिलं. मी संरक्षक चष्मा काढून ठेवला आणि म्हटलं, ज्यांना हवंय त्यांनी आडवं व्हावं. सासूबाई निघून गेल्या, मुलगीही गेली, मला समजपत्र मिळालं. प्रश्न मी अजून विचारते.

माझ्या डाव्या गालावर जन्मापासून जे लाल लासं आहे ते मला मशीनच्या काचेत रोज दिसतं. डॉक्टर वर्षातून दोनदा सुचवतात, घरचंच मशीन आहे, करून टाकू, जाहिरातीला फोटोही मिळतील. मी नको म्हणते. माझं त्या गालाशी काही भांडण नाही.

तुझंही तुझ्या गालांशी कधी भांडण नव्हतं. म्हणून हौस हे उत्तर मला पटत नाही. कोणी पाठवलं?

भाची


१७ फेब्रुवारी

इंजीनबाई,

मला कोणी पाठवलेलं नाही. माझ्या पायांनी येतेय, माझ्या पगाराने, माझ्या हक्काच्या रजेत. झालं समाधान? की शिक्का मारून देऊ?

तुझं पत्र वाचून वाटलं की तू मला बोलावतेस की पळवून लावतेस. डाग, दुखणं, परत येणारी लाली. आमच्या मालकाने तुझ्यासारखं दुकान चालवलं असतं तर पाटी लावली असती, "कपडे जळतीलच, तरी द्यायचे असल्यास द्या."

आणि आधी एकच गाल ही काय तऱ्हा? न्हावी अर्धी दाढी करून जेवायला उठल्यासारखं. पण तुमची पद्धत तर पद्धत. डावा आधी कर. प्रेसचं झाकण डावीकडून उघडतं, वाफ तोच जास्त खातो.

एक वचन मात्र दे. मी तुझ्याकडे आले होते हे कुणाला कळता कामा नये. कुणी सरळ विचारलं तरी. तोंड शिवून ठेव. आमच्या सगळ्या गोतावळ्यात ते तुला एकटीलाच जमतं.

२ मार्चला सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर यायची गरज नाही. मी हरवत नाही.

मावशी


५ मार्च

मावशी,

नीट पोचलीस असं धरून चालते.

गालावर थंड पट्टी ठेव, बर्फ थेट लावू नकोस. घासू नकोस. ऊन नको. वाफ तर अजिबात नको, दोन आठवडे प्रेसकडे फिरकायचं नाही. मालकाकडे घड्या घालायचं काम माग. डाग आज जांभळे असतील, पुढे तपकिरी होतील, मग पिवळट. ते ठरल्याप्रमाणे आहे, घाबरू नकोस. या काळात शक्यतो घराबाहेर पडू नकोस. पाहणाऱ्याला गाल मार लागल्यासारखा दिसतो.

वचन दिलंय, ते पाळीन.

दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. पहिली, तू एकदाही हलली नाहीस. पहिल्या ठोक्याला धडधाकट पुरुष शिव्या देतात. तू "एवढंच होय?" म्हणालीस. डॉक्टर दिवसभर ते सगळ्यांना सांगत होते.

दुसरी. डोळ्यांवर झाकणं बसवायला मी वाकले तेव्हा तू श्वास रोखून धरलास आणि तोंड भिंतीकडे वळवलंस. मी जितक्या वेळा जवळ आले तितक्या वेळा. वेदना हे कारण नव्हे, तेव्हा मशीन सुरूही झालेलं नव्हतं.

विचारत नाही. फक्त पाहिलं ते लिहिते.

भाची


१२ मार्च

छोटे,

तुला मी पत्र लिहितोय म्हणजे प्रकरण साधं नाही हे तू ओळखलंच असशील. आईचं आणि तुझं गूळपीठ आहे, म्हणून तुलाच लिहितो. तुझ्या वहिनीला माहीत आहे, इतर कुणाला नाही.

आई पिते.

हे लिहायला मला वर्ष लागलं. तिचे गाल तू अलीकडे पाहिले आहेस का? मी बाबांचे गाल बघत मोठा झालो. आधी लाली, मग जाळं, मग सुजलेले डोळे. मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. चार महिन्यांपूर्वी आम्ही टिंबूला तिच्याकडे ठेवणं बंद केलं. दोन वर्षांचं पोर आहे, स्वयंपाकघरात गॅस असतो, जिना असतो. आईला खरं कारण सांगितलं नाही. पाळणाघर सोयीचं पडतं म्हणालो. तिनेही काही विचारलं नाही, आणि तिने न विचारणं हेच मला सगळं सांगून गेलं.

परवा पाळणाघर बंद होतं. आम्हा दोघांनाही सुटी मिळेना. मी म्हटलं, एक दिवस, दुपारपर्यंत. आईला बोलावलं. ती रुमाल गालापर्यंत ओढून आली. टिंबूने खेळता खेळता तो ओढला. डावा गाल काळानिळा, डोळ्याच्या खालपासून जबड्यापर्यंत. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "दारावर आपटले."

छोटे, हे वाक्य मी ओळखतो. बाबा आठवड्यातून एकदा दारावर आपटायचे.

शेवटी मी बिनपगारी रजा टाकून घरी थांबलो आणि तिला परत पाठवलं. तू दवाखान्यात काम करतेस. दारू सोडवणारं एखादं चांगलं केंद्र माहीत असेल तर कळव. आणि ती तुझ्यापाशी काही बोलली असेल, तर तेही. मी वर्गात मुलांना गणितं सोडवून दाखवतो, पण हे मला सुटत नाही.

दादा


१५ मार्च

दादा,

पत्र मिळालं.

आमच्याकडे कोण येतं, का येतं, याबद्दल मी कोणत्याही रुग्णाच्या घरच्यांशी बोलत नाही. मावशीबद्दलही बोलणार नाही. तू समजतोस तसं असेलच असं नाही. तिलाच विचार.

केंद्रांची माहिती मला नाही.

छोटी


२३ मार्च

बये,

दादा काल येऊन गेला. हातात दोन केंद्रांचे पत्ते. दाराशी उभा राहून म्हणाला, "आई, आता लपवू नकोस. छोटीनेही नाही म्हटलेलं नाही." मी म्हटलं, छोटीचा इथे काय संबंध? तर खिशातून तुझं पत्र काढलं. कोणत्याही रुग्णाबद्दल. असेलच असं नाही. तिलाच विचार.

अगं, दगडाने लिहिलं असतं तरी त्याला थोडा ओलावा आला असता! तोंड शिवून ठेव म्हटलं होतं मी, सुई त्याच्या हातात दे म्हटलं नव्हतं.

आता ऐक, तुझ्या त्या लाडक्या प्रश्नाचं खरं उत्तर. मला एका नाकाने पाठवलं. सुनेच्या.

टिंबूला माझ्या कडेवरून घेताना ती जरा जास्तच जवळ यायची आणि हळूच श्वास ओढायची. आधी वाटलं सर्दी असेल. चार वेळा झाल्यावर कळलं. कळायला वेळ लागायचं कारण नव्हतं, एकवीस वर्षं मीही दार उघडताना तेच केलं होतं. नवरा घरात शिरायच्या आधी त्याचा वास शिरायचा, आणि त्यावरून मी ठरवायची की पोराला जेवायला बसवायचं की शेजारी पाठवायचं. थेंबाला शिवले नाही मी आयुष्यात. बाटल्या मोरीत ओतताना नाक दाबून ओतल्या. आणि त्याच घरात वाढलेला माझा मुलगा आता माझ्या गालांकडे बघतो आणि त्याला बाप दिसतो.

म्हणून तुझ्याकडे माझा श्वास अडकत होता. कुणी जवळ वाकलं की आता आपोआप अडकतो. पाहिलं ते लिहिते म्हणालीस ना, हे घे, न पाहिलेलं.

हौस कसली डोंबलाची. पोर परत हवं होतं मला. भांडण न करता, बाजू न मांडता. गाल स्वच्छ झाले की त्याचं त्यालाच वाटेल, अरे, चुकलं आपलं. असा माझा हिशेब. चार महिन्यांनी त्यांनी आपण होऊन बोलावलं, मग मी काय डाग जायची वाट बघत घरात बसणार होते? गेले रुमाल ओढून.

दारावर आपटले असं का म्हणाले ते मलाही माहीत नाही. तेवढंच तोंडात आलं. ते वाक्य नवऱ्याने नंतर उचललं, मुळात माझंच होतं. त्याच्या कपाळाला खोक पडली की शेजाऱ्यांना मीच सांगायची.

तू म्हणशील, काल दादाला खरं का नाही सांगितलं? तो पत्ते घेऊन आला होता. प्रश्न घेऊन आला असता तर सांगितलं असतं.

पत्त्यांचे कागद मी घेतले, टेबलावर ठेवून इस्त्रीने सरळ केले आणि त्याला परत दिले. म्हटलं, चुरगळले होते.

मावशी


२९ मार्च

मावशी,

मी दादाला लिहिलेलं एकेक वाक्य बरोबर होतं. सगळी मिळून वाचली की ती खोटी होतात. हे पाठवण्याआधी माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

माझ्या नियमाप्रमाणे मी तुला पलंगावरून उठवून परत पाठवायला हवं होतं. तू खोटं उत्तर दिलंस आणि मी ते चालवून घेतलं, कारण मावशी होतीस. दुसरं कुणी असतं तर मी तीन वेळा विचारलं असतं.

आता पुढचं. डॉक्टरांच्या सहीचा कागद मी तयार करून घेऊ शकते. कोणत्या तारखेला कोणता उपचार झाला, डाग त्यामुळेच पडले आणि ते अपेक्षित होते, आणि अशी लाली कधीही दारू न पिणाऱ्या माणसांतही पुष्कळ दिसते, विशेषतः वाफेत आणि उष्णतेत काम करणाऱ्यांत. हवी असेल तर यकृताची रक्ततपासणीही करून घेता येईल. त्यानंतर कुणाला बोलायला जागा राहणार नाही. तू हो म्हणालीस तर मी स्वतः येऊन तो कागद दादाच्या हातात देते. वचनातून तेवढं मोकळं कर.

उजव्या गालासाठी १३ एप्रिल, सकाळी पहिली तुझीच जागा ठेवली आहे. दोन्ही गाल सारखे झाले की विषय संपेल.

डाव्या गालाचा फोटो पाठव. दिवसाच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून.

भाची


१६ एप्रिल

इंजीनबाई,

१३ तारखेला तू वाट बघितलीस का? बघितली असशील तर माफ कर. मी येणार नव्हते, आणि कळवलं असतं तर तू मला समजुतीचं चार ओळींचं पत्र पाठवलं असतंस, त्यापेक्षा न कळवलेलं बरं.

कागद नको. तपासणी नको. मी प्यायले नाही याचा दाखला मी माझ्या पोटच्या पोराला दाखवणार नाही. चोराला सांगावं, खिसे उलटे करून दाखव. मी काय चोरलंय?

आता झालं काय ते सांगते. डागांची शेवटची पिवळट खूणही गेली त्या सकाळी मी आरशासमोर उभी राहिले. डावा गाल असा स्वच्छ, की हात लावून पाहिला. लग्नाआधीचा गाल. उजवा तसाच, नद्या वाहतायत. आधी हसू आलं. मग विचार आला की एकाच तोंडाचे दोन गाल आहेत हे, एकच बाई दोन्हीच्या मागे उभी आहे. मग मी लपवतेय काय?

रविवारी भर दुपारी दादाकडे गेले. रुमाल घरी ठेवून. दादाने दार उघडलं, "ये, बस," म्हणाला आणि माझ्या खांद्यापलीकडे बघायला लागला. हल्ली तो तिथेच बघतो. मी बसले नाही. खिडकीचा पडदा सारला आणि उजेडात उभी राहिले.

म्हटलं, "बघ इकडे. डावा बघ. बघितलास? आता उजवा बघ."

"आई, हे काय आहे?"

"डावा छोटीने केला, लेसरने. तेव्हा काळानिळा दिसला तो त्याचाच. दार वगैरे काही नव्हतं. उजवा अजून करायचाय. आता तू गणिताचा मास्तर. सांग मला, यातला कोणता गाल पितो?"

टिंबू ठोकळे आपटत होती. सून आतून आली. ती वाईट नाही गं, तिला जे सांगितलं गेलं त्याप्रमाणे ती वागली. ती म्हणाली, "अहो आई, मग तेव्हाच सांगायचं नाही का! आणि दुसराही करून घ्या ना लगेच, म्हणजे प्रश्नच मिटला. कुणी काही म्हणणार नाही."

"म्हणूनच नाही करणार," मी म्हटलं. "डावा गाल बघून तुम्ही मला पोर देणार असाल तर ती तुम्ही गालाला दिली, मला नाही. उद्या वाफेने तो परत लाल झाला की पोर परत घ्याल. आणि तू, बाई, माझा वास घ्यायचा तर चोरून घेऊ नकोस. हा घे." आणि तिच्या तोंडासमोर मोठ्ठा श्वास सोडला. सकाळी कच्चा कांदा खाल्ला होता. मुद्दाम.

तिला हसू फुटलं. मग रडू. दादा मात्र बसून राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून, लहानपणी बापाची पावलं ऐकताना बसायचा तसा. मला त्याची दया आली. पण दया आली म्हणून मी उजवा गाल झाकणार नव्हते. निघताना एवढंच म्हटलं, "तू जे बघितलंस ते बघितलंस, त्यात तुझी चूक नाही. पण तो मी नाही. हे तुझं तू ठरव. मी सिद्ध करून देणार नाही." आणि आले.

आठवडाभर काही नाही. फोन नाही, काही नाही. रोज वाटायचं, म्हातारे, एका श्वासापायी नात गमावलीस. काउंटरवाली विचारते, "एकाच बाजूला पावडर लावता का हो?" मी म्हटलं, "दुसरी बाजू पगार वाढला की."

काल माझी सुट्टी. दुपारी दार वाजलं. दादा. एका हातात टिंबू, दुसऱ्या हातात तिची पिशवी, तीच जुनी, बदकाची. टिंबूला खाली ठेवलं, पिशवी ठेवली, म्हणाला, "संध्याकाळी येतो," आणि वळला. जमिनीकडे बघत.

मी म्हटलं, "थांब. बघून जा."

"काय?"

"मला. न बघता ठेवून जाणार असशील तर घेऊन जा तिला. आत्ता."

पोर माझ्या पायाला बिलगलेलं होतं आणि मी हे बोलत होते.

त्याने मान वर केली. आधी डावीकडे बघितलं, ते सोपं होतं. मी तोंड वळवलं आणि उजवा गाल पुढे केला. बघत राहिला. किती वेळ, ते तू असतीस तर मोजलं असतंस. मग म्हणाला, "दुपारी ती झोपली नाही तर गोष्ट सांगावी लागते," आणि जिना उतरून गेला.

झोपली नाहीच. तीन गोष्टी सांगितल्या.

उजवा गाल राहू दे. माझ्या नावावरची जागा दुसऱ्या कुणाला दे. ज्याला खरंच हवंय त्याला. आणि विचारून घे, तीन वेळा.

तुझी उजवीकडून लाल,
मावशी


२२ एप्रिल

मावशी,

१३ तारखेला मी मशीन तापवून अर्धा तास बसले होते. डॉक्टर आले तर पलंग रिकामा. त्यानंतर रोज विचारत होते. काल तुझं पत्र आल्यावर सांगितलं की रुग्णाला दुसरा गाल करायचा नाही. ते म्हणाले, अर्धं सोडलेलं काम दवाखान्याच्या नावाला बरं दिसत नाही, बाई लोकांत फिरणार, लोक विचारणार. मी म्हटलं, विचारू देत. तिच्याकडे उत्तर आहे.

त्यावर त्यांनी माझ्या गालाकडे पाहिलं. वर्षातली दुसरी वेळ, जरा लवकरच आली. म्हणाले, जागा रिकामी आहेच, तुमचं करून टाकू. मशीन चालवणाऱ्या बाईच्याच तोंडावर हे असलं की येणाऱ्यांना प्रश्न पडतो.

दर वेळी मी "नको" म्हणते आणि पुढच्या कामाला लागते. या वेळी मी चष्मा काढला, खिडकीवरचा काळा पडदा बाजूला केला आणि उजेडात उभी राहिले. लेसरच्या खोलीत तो कधी उघडत नाहीत, फार धूळ होती.

विचारलं, "सर, यातला कोणता गाल मशीन चालवतो?"

त्यांनी दार उघडून पुढच्या रुग्णाला आत पाठवलं. चाळिशीचा माणूस होता, नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल जाळं, हातात टोपी. मी पडदा लावला, चष्मा घातला आणि विचारलं, कोणी पाठवलं?

दुसऱ्या समजपत्राची वाट बघतेय. आलं की तुझ्याकडे इस्त्रीला पाठवीन.

तुझी डावीकडून लाल,
भाची